मुलं मोठी होतात, म्हातारीही होतात



या मालिकेत बोलायला बोलावलं तेव्हा संयोजकांनी विचारलं, कर्नलसाहेब, विषय काय घेताय? त्यांची अपेक्षा सीमेवरच्या गोष्टींची असणार. मी म्हटलं, डाऊन सिंड्रोम. फोनवर पलीकडे जरा शांतता. मग आवाज आला, म्हणजे विशेष मुलांबद्दल ना? मी म्हटलं, मुलांबद्दल खूप लोक बोलतात आणि चांगलं बोलतात. मला मोठ्या माणसांबद्दल बोलायचंय. माझी बहीण ५८ वर्षांची आहे.

तिचं नाव मी सांगणार नाही. तिला विचारलं होतं, व्हिडिओत तुझं नाव घेऊ का? म्हणाली, "नको. लोक घरी येतील." मुद्दा बरोबर आहे, त्यामुळे मी तिला बहीणच म्हणेन.

आधी वैद्यकीय भाग थोडक्यात उरकतो. आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. डाऊन सिंड्रोममध्ये २१व्या क्रमांकाची गुणसूत्रं दोनाऐवजी तीन असतात. जॉन लँग्डन डाऊन या इंग्रज डॉक्टरांनी १८६६ साली या माणसांचं वर्णन केलं, आणि त्यामागे जादा गुणसूत्र आहे हे १९५९ साली फ्रान्समध्ये जेरोम लेज्यून आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. तीन म्हणून ३ आणि एकविसावं म्हणून २१, यावरून २१ मार्च हा जागतिक दिवस ठरला. संयुक्त राष्ट्रं तो २०१२ पासून पाळतात. जगभरात साधारण ८०० ते १००० जन्मांमागे एक बाळ असं असतं. आपल्या देशात वर्षाला सव्वादोन-अडीच कोटी बाळं जन्मतात, म्हणजे हिशेब तुम्हीच करा, २५ हजारांच्या आसपास. पण नेमकी किती माणसं आहेत ते कुठे लिहिलेलं नाही. २०११ च्या जनगणनेत बौद्धिक अक्षमता असलेल्या सगळ्यांचा मिळून आकडा सुमारे १५ लाख आहे, त्यात डाऊन सिंड्रोमचा वेगळा रकाना नाही.

जुन्या कागदांत याला "मंगोल" म्हणायचे. चेहऱ्याची ठेवण बघून दिलेलं नाव. मंगोलिया देशाने हरकत घेतल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने १९६५ मध्ये तो शब्द सोडला. तरी आमच्या घरातल्या १९९१ च्या एका कागदावर तोच शब्द आहे. शब्द कागदातून जायला वेळ लागतो.

आता मुद्द्यावर येतो. १९२९ च्या सुमाराला डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुष्य नऊ वर्षं होतं. अमेरिकेत १९८३ साली ते २५ होतं. आज साठीच्या घरात आहे. प्रतिजैविकं आली. यांच्यातल्या जवळजवळ निम्म्या बाळांना हृदयात जन्मतः दोष असतो, त्यावर लहानपणीच शस्त्रक्रिया होऊ लागली. मुलांना संस्थेत टाकून विसरून जाण्याऐवजी घरी वाढवणं सुरू झालं. एवढ्या तीन गोष्टींनी आयुष्य दुपटीहून जास्त वाढलं. त्यामुळे माणसांच्या इतिहासात पहिल्यांदाच एक अशी पिढी आली आहे, जी आपल्या आईवडिलांच्या मागे राहणार आहे. माझ्या आईला डॉक्टर म्हणाले होते, वीस वर्षं धरून चला. आई २०११ साली गेली तेव्हा बहीण ४४ वर्षांची होती.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. वडील मराठा लाइट इन्फंट्रीत सुभेदार. आमच्याकडे घरटी एक माणूस फौजेत, त्यात नवल काही नाही. बहीण १९६७ ची. गावात तिला काय झालंय हे कुणाला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर फारसं कुणी विचारतही नव्हतं. "देवाचं माणूस आहे" म्हणायचे. मागे काय म्हणायचे ते वेगळं. शाळेत ती दुसरीपर्यंत बसली, म्हणजे गुरुजींनी बसू दिलं. चिंच फोडणं, लसूण सोलणं, वाळवणावर बसून कावळे हाकणं ही तिची कामं. त्यात तिने कधी कसूर केली नाही. "कालनिर्णय" घरात आल्यापासून रोजची तारीख खोडायचं काम तिचं. आज कोणता वार, संकष्टी कधी, हे आईसुद्धा तिला विचारायची.

वडील तिला जत्रेला, लग्नाला, सगळीकडे एसटीने बरोबर घेऊन जायचे. त्या काळात हे मोठं होतं, कारण बहुतेक घरांत असं मूल पाहुणे आले की आतल्या खोलीत जायचं. एक फौजी उदाहरण देतो. शार्ल द गॉल, दुसऱ्या महायुद्धातले फ्रान्सचे नेते. त्यांची धाकटी मुलगी ॲन १९२८ साली जन्मली, तिला डाऊन सिंड्रोम होता. तेव्हा पद्धत अशी की असं मूल संस्थेत द्यायचं आणि विषय बंद करायचा. त्यांनी तिला घरीच ठेवलं. बदली होईल तिथे, युद्धात इंग्लंडला गेले तिथेही, ती बरोबर. बाहेर अत्यंत ताठ असलेला हा माणूस तिच्यासमोर गाणी म्हणायचा, नाचायचा. १९४५ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने अशा मुलींसाठी तिच्या नावाने संस्था काढली. ॲन १९४८ मध्ये न्यूमोनियाने गेली, विशीत. माझ्या वडिलांना द गॉल माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की पोरगी आपली आहे.

आपल्याकडेही असे आईबाप होते. मुंबईत शिवडीची जय वकील शाळा १९४४ ची. वकील दाम्पत्याने ती आपल्या जय नावाच्या मुलीसाठी सुरू केली, आणि त्या मुलीला डाऊन सिंड्रोम होता. या क्षेत्रातल्या बऱ्याच संस्थांचा इतिहास उघडला तर पहिल्या पानावर कुणाचे तरी आईवडील निघतात. दिल्लीत वसंत कुंजला "मुस्कान" आहे, तीही पालकांनीच ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला उभी केलेली.

पण घरात अशी बहीण असण्याची किंमत सगळेच देतात, आणि ती कोणाकडून वसूल होते तेही सांगितलं पाहिजे. आम्ही तीन भावंडं. मी थोरला, मधली बहीण आणि ही धाकटी. मधलीची दोन स्थळं बोलणी ठरून मोडली. कारण तोंडावर कुणी सांगितलं नाही. "पत्रिका जुळत नाही" म्हणाले, आणि पत्रिका तर त्यांनीच आधी बघितली होती. लोकांच्या मनात भीती होती की हे रक्तात आहे.

म्हणून पुण्याला लष्करी इस्पितळात धाकटीच्या रक्ताची गुणसूत्र-तपासणी करून घेतली. तेव्हा ती २४ वर्षांची होती, मी मेजर होतो. तिथे कळलं ते असं. शंभरातल्या साधारण ९५ जणांमध्ये हा प्रकार अपघाताने होतो, पेशी विभागताना. त्याचा भावंडांच्या मुलांशी संबंध नाही. तीन-चार जणांमध्ये एकविसाव्या गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असतो, त्याला ट्रान्सलोकेशन म्हणतात. त्यातल्या काहींत मात्र तो आई किंवा वडिलांकडून आलेला असू शकतो. उरलेल्या एक-दोन जणांमध्ये मोझॅक प्रकार, म्हणजे काही पेशींत जादा गुणसूत्र, काहींत नाही. आमच्याकडे पहिला प्रकार निघाला. तो कागद वडिलांनी घडी घालून पाकिटात ठेवला आणि मधलीचं लग्न ठरताना सोयऱ्यांसमोर उघडून ठेवला. लग्न झालं. आज ज्यांच्या घरी असं मूल आहे आणि ही तपासणी झालेली नाही, त्यांनी ती जरूर करून घ्यावी. उपचार त्याने बदलत नाही, पण बाकीच्या मुलांच्या डोक्यावरची टांगती तलवार तरी जाते.

आईच्या वयाचंही सांगतो, कारण त्यावरून बायकांना फार बोल लावले जातात. वय वाढतं तशी शक्यता वाढते हे खरं आहे. पस्तिशीला साधारण साडेतीनशेत एक, चाळिशीला शंभरात एक. पण बहुतेक मुलं तरुण आयांनाच होतात, म्हणून डाऊन सिंड्रोमची बाळंही तरुण आयांकडेच जास्त दिसतात. माझी आई तेव्हा २८ वर्षांची होती. ग्रहणात काही चिरलं, काही खाल्लं, कुणाची नजर लागली, याचा काडीचाही संबंध नाही. आई मात्र शेवटपर्यंत कुठल्यातरी ग्रहणाचा हिशेब लावत बसायची.

गर्भातल्या तपासणीबद्दल दोन वाक्यं. आता अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात सोनोग्राफी आणि रक्ताच्या चाचणीने अंदाज येतो, खात्रीसाठी गर्भजल तपासतात. २०१७ मध्ये महाराष्ट्रातल्या एका महिलेने २६व्या आठवड्यात गर्भपाताची परवानगी मागितली होती, गर्भाला डाऊन सिंड्रोम होता. सर्वोच्च न्यायालयाने नाकारली. पुढे २०२१ मध्ये कायदा बदलला. ठराविक कारणांसाठी मुदत २४ आठवडे झाली आणि त्यापुढे वैद्यकीय मंडळाकडे निर्णय गेला. कुणी काय करावं हे मी सांगणार नाही, ते त्या बाईचं आणि त्या घराचं आहे. माझी तक्रार वेगळी आहे. रिपोर्ट हातात आल्यावर त्या जोडप्याला डॉक्टर फक्त आजारांची यादी सांगतात. या निदानाचं ३० वर्षांचं, ५० वर्षांचं माणूस कसं जगतं हे सांगणारं तिथे कुणी नसतं. एखाद्या अशा घरी अर्धा तास जाऊन या, एवढं तरी सांगावं. निर्णय मग काहीही असो.

आई गेल्यावर बहीण दिल्लीला आली. मी तेव्हा दिल्ली छावणीत होतो, दोन वर्षांनी निवृत्त झालो आणि आम्ही नोएडात अरुण विहारमध्ये राहायला गेलो. "मी बहिणीला सांभाळतो" असं मी म्हणतो तेव्हा मंडळी, खरं काम माझ्या बायकोने केलेलं असतं. आंघोळ, पाळी, नखं, दात, हे सगळं तिच्या वहिनीने. पाळी लवकर बंद होते या बायकांची, हेही आम्हाला वहिनीमुळेच कळलं, डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

चव्वेचाळिसाव्या वर्षी गाव सोडून दिल्लीत येणं तिला सोपं गेलं नाही. भाषा वेगळी. भाजी वेगळी. थंडी तर विचारू नका, पहिल्या डिसेंबरात ती तीन दिवस रजईबाहेर आली नाही. पण आमच्या गेटवरचा चौकीदार बिहारचा, तो रोज सकाळी तिला "राम राम दीदी" म्हणायचा. तिने त्याच्याशी मराठीतच बोलायचं ठरवलं आणि सहा महिन्यांत त्यालाच मराठी समजायला लागलं.

भाषेवरून एक काम अडलं ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. इथल्या एका सरकारी इस्पितळात तिच्या दिव्यांगत्वाचं नवं मूल्यमापन करायला सांगितलं. बौद्धिक अक्षमतेची टक्केवारी चाचणीवर ठरते. चाचणी हिंदीत. समोर चित्र धरलं, "यह क्या है?" ती म्हणाली, "वांगं." त्यांनी चूक लिहिली. मी बाहेरून ऐकत होतो. आत जाऊन म्हटलं, बैंगनला आमच्याकडे वांगंच म्हणतात. ते म्हणाले, आप बाहर बैठिए. आता यात टक्केवारी जास्त निघाली तर सवलती जास्त, म्हणून बरेच पालक गप्प बसतात. पण त्याच कागदावर पुढे तिला कोणतं काम देता येईल, ती कशावर सही करू शकते, हे ठरतं. मातृभाषेत चाचणी मागा. आणि परराज्यात राहणाऱ्या मराठी माणसांनी हे लक्षात ठेवा: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार एका राज्यात दिलेलं प्रमाणपत्र देशभर चालतं. साताऱ्याचा दाखला नोएडात "नहीं चलेगा" म्हणणाऱ्याला त्या कायद्याचं कलम ५८ दाखवायचं. मी छापून खिशात ठेवत असे. दोनदा उपयोग झाला.

आता कामाबद्दल, कारण ही माणसं नुसती सांभाळायची नसतात. दिल्लीत मुख्यालय असलेल्या लेमन ट्री हॉटेलांनी डाऊन सिंड्रोम असलेल्या तरुणांना रेस्टॉरंटमध्ये नोकरीवर घेतलं आहे. मी जाऊन जेवलो आहे. पोराने पाणी दिलं, ऑर्डर नीट घेतली, बिल आणलं, आणि टीप दिली तर दोन्ही हातांनी घेतली. पुण्याच्या गौरी गाडगीळला तुम्ही ओळखता. पोहण्यात स्पेशल ऑलिम्पिक्सपर्यंत गेलेली मुलगी. तिच्या आयुष्यावर २०१४ मध्ये "यलो" हा मराठी चित्रपट आला, त्यात मोठेपणीची भूमिका तिने स्वतःच केली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा खास उल्लेख झाला. २०२३ मध्ये बर्लिनच्या स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये भारताने २०२ पदकं आणली. आपल्या किती वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आलं? माझी बहीण पोहत नाही, नोकरीही केली नाही. ती वसाहतीतल्या वाचनालयात आठवड्यातून तीन दिवस वर्तमानपत्रं तारखेप्रमाणे लावायची. पैसे नव्हते त्यात, पण एक दिवस गेली नाही तर ग्रंथपाल घरी फोन करायचा. कुणीतरी आपली वाट बघतंय, हे तिला पगाराहून मोठं होतं.

हे सगळं मी भूतकाळात का सांगतोय, ते आता सांगतो.

ती ५२ वर्षांची असताना कॅलेंडरवरच्या तारखा खोडायच्या राहू लागल्या. कुर्ता उलटा घालायची. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थबकायची, पाय टाकायला भ्यायची. आम्ही डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तिच्याकडे नीट न बघता म्हटलं, "ऐसे बच्चों में होता है." बावन्न वर्षांची बाई, आणि बच्चा. मंडळी, हे वाक्य ऐकलं की उठा आणि दुसरा डॉक्टर गाठा. जे काही होईल ते डाऊन सिंड्रोमच्या खात्यावर टाकून मोकळं व्हायचं, ही फार जुनी खोड आहे, आणि तिच्यामुळे बरे होण्यासारखे आजार तसेच राहतात.

दुसऱ्या डॉक्टरांनी यादी केली. थायरॉइड, कारण यांच्यात त्याचा बिघाड फार आढळतो आणि तो झाला की माणूस मंद होतं, विसरतं. बी-१२. कान, कारण ऐकू कमी आलं की उत्तर चुकतं आणि आपण म्हणतो डोकं चालत नाही. डोळे. झोपेत श्वास अडकतो का. मन उदास आहे का, घरातलं कुणी गेलंय का. तपासलं तर थायरॉइड बिघडलेलं आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला पायरीची कडाच दिसत नव्हती. गोळी सुरू झाली, डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, आणि ती चार महिन्यांत पुन्हा वाचनालयात गेली. तीन वर्षं चांगली गेली.

त्यानंतर पंचावन्नाव्या वर्षी जे सुरू झालं ते मात्र खरं होतं. अल्झायमर्स. याचं कारणही त्याच एकविसाव्या गुणसूत्रात आहे. मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं, त्याचं मूळ जनुक या गुणसूत्रावर असतं. गुणसूत्र तीन, म्हणजे ते प्रथिनही जन्मभर जास्त. चाळिशीपर्यंत डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मेंदूत हे बदल दिसतात. लक्षणं सगळ्यांना येतातच असं नाही, पण साठीच्या पुढे निम्म्याहून जास्त जणांना येतात. विसाव्या वर्षी माणूस जात होतं तेव्हा हा प्रश्न आलाच नव्हता. आयुष्य वाढलं आणि हा प्रश्न घेऊन आलं.

ज्यांच्या घरी आज पंचवीस-तिशीचं माणूस आहे, त्यांना माझं एक काम आहे. त्याला आज काय काय येतं ते लिहून ठेवा. तारीख घालून. मोबाइलवर व्हिडिओ घ्या: बूट घालताना, चहा करताना, पैसे मोजताना. पन्नाशीत डॉक्टर विचारतील, पूर्वी हे येत होतं का? तेव्हा अंदाजाने सांगू नका. आमच्याकडे वाचनालयातला एक व्हिडिओ होता, त्यावरून न्यूरॉलॉजिस्टना दहा मिनिटांत कळलं की किती घसरलं आहे.

आता ती संध्याकाळी आईला शोधते. दर वेळी खरं सांगितलं तर दर वेळी तिच्यासाठी आई नव्याने जाते. म्हणून आम्ही म्हणतो, आई साताऱ्याला आहे. मी आयुष्यभर रिपोर्ट खरे लिहिले. हे एक खोटं मला जड जात नाही.

आता कागद. फौजी माणूस कागदावर येणारच.

आमच्या वडिलांनी एक काम वेळेवर केलं होतं. मुलीच्या अपंगत्वाची नोंद रेकॉर्डला पार्ट टू ऑर्डरने करून ठेवली होती. सैनिकाच्या, सरकारी नोकराच्या अशा मुलाला, जे स्वतः कमावू शकत नाही, आईवडिलांच्या मागे तहहयात कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. पूर्वी त्या मुलाच्या स्वतःच्या उत्पन्नाची अट फार कडक होती, २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ती सैल केली. निवृत्तिवेतनधारक हयात असतानाच मुलाचं नाव पीपीओमध्ये घालून घेता येतं. किती जण घालतात? मी पलटण सांभाळत होतो तेव्हा एकदा सैनिक संमेलनात सांगितलं, कुणाचं मूल असं असेल तर नोंद करा, त्याला आशा स्कूल मिळेल, शाळा असेल तिथे बदली मागता येईल. चारशे माणसांत एकही हात वर आला नाही. संध्याकाळी तिघे वेगवेगळे येऊन भेटले, दार लावून घेऊन. एकाने तर गावाकडेच मूल ठेवलं होतं आणि पलटणीत कुणाला सांगितलं नव्हतं की दुसरं मूल आहे.

दुसरा कागद पालकत्वाचा. अठरा वर्षं झाली की कायद्याने माणूस सज्ञान. मग आईबापही त्याच्या वतीने बँकेत सही करू शकत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. आईवडील किंवा नातेवाईक तिच्याकडे अर्ज करून कायदेशीर पालक होऊ शकतात. कोर्टात जायची गरज नाही. आई असताना ती पालक होती, तिच्यानंतर मला नव्याने अर्ज करावा लागला, नोएडा गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात येतं म्हणून सूरजपूरच्या कलेक्टर कचेरीत. चार खेपा पडल्या, पण काम झालं. याच न्यासाची "निरामय" ही आरोग्य विमा योजना आहे, लाखापर्यंतची, आणि त्यात आधी तपासणी करत नाहीत. लाखात काय होतं म्हणाल, तर बाहेरच्या काही कंपन्या दारातही उभं करत नाहीत, त्यापेक्षा बरं.

तिसरं, मृत्युपत्र. घर थेट तिच्या नावावर करू नका. ती विकू शकणार नाही, आणि कोण तिच्याकडून काय लिहून घेईल सांगता येत नाही. तिच्या हितासाठी ट्रस्ट करा, त्यात विश्वस्त दोन-तीन ठेवा आणि त्यातला एक तरी तुमच्याहून वीस वर्षांनी लहान असू द्या. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त अधिकाऱ्याने तिन्ही विश्वस्त आपल्या कोर्सचे मित्र नेमले. सगळे सत्तरीचे!

पण या कागदांत एक जागा रिकामी असते, पुढच्या पालकाच्या नावाची. ती भरणं सगळ्यात अवघड.

मी ६६ वर्षांचा आहे, बायको ६३. मुलगा परदेशात. मुलगी पुण्यात नोकरी करते, तिला दोन लहान मुलं. गेल्या दिवाळीत मी तिला विचारलं. तू कर, असं म्हटलं नाही. तुला जमेल का आणि कितपत, असं विचारलं. तिने आठ दिवस घेतले. मग म्हणाली, "बाबा, आत्याची पालक मी होईन. कागद, पैसे, डॉक्टर सगळं बघेन. पण तिला माझ्या घरी ठेवणार नाही. जवळ एखादी चांगली जागा बघू, मी दर आठवड्याला जाईन."

बायको दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिने स्वतः चौदा वर्षं केलं आहे, तिला लागणारच. मला मात्र मुलीचं उत्तर पटलं. जमणार नाही ते आज सांगितलं, मी गेल्यावर नाही. "अगं, आपलीच आहे, होईल सगळं" असं म्हणणारे नातेवाईक आमच्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्यातला एकजण तिला चार दिवस नेऊन ठेवायलाही तयार नसतो.

तेव्हापासून आम्ही निवासी संस्था बघतो आहोत. तीन बघून झाल्या. मी तपासणीला गेल्यासारखा जातो, माझी सवय. स्वयंपाकघर बघतो, संडास बघतो, रात्री किती बायका ड्यूटीवर असतात आणि किती जणींमागे एक, ते विचारतो. भेटायला कधीही येऊ का, न कळवता, हेही विचारतो. यावर जो अडखळतो ती जागा बाद. आणि शेवटी विचारतो, विस्मरण वाढलं, अंथरुणाला खिळली, तरी ठेवाल का? एका ठिकाणी साफ सांगितलं, नाही. दुसरीकडे म्हणाले, बघू. तिसऱ्या ठिकाणच्या बाईंनी उलट मलाच विचारलं, "तिला झोपताना दिवा लागतो की अंधार?" जागा नाही त्यांच्याकडे सध्या. प्रतीक्षायादीत नाव घातलं आहे.

पुढच्या महिन्यात चौथी बघायची आहे, पुण्याच्या बाजूला. या वेळी बहिणीला बरोबर नेणार आहे. विमानापेक्षा तिला रेल्वे आवडते, म्हणून निजामुद्दीनहून गाडीचं आरक्षण केलंय, खालचा बर्थ, खिडकीजवळचा. कुणाला त्या भागातल्या चांगल्या जागा माहीत असतील तर व्हिडिओखाली जरूर कळवा.